दान आलेल्या वस्तूंची निवडानिवड, सहकुटुंब

सायली_प

दिवाळीची आवराआवर तोंडावर आलीय. सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर आता 'जुने कपडे कुठे द्यायचे' हा प्रश्न महिनाभर फिरेल, म्हणून धागा आत्ताच काढतेय.

पुण्यातल्या एका संस्थेच्या गोदामात आम्ही घरचे सगळे अधूनमधून रविवारी जातो. मी, नवरा, साबा (सासूबाई), नववीतली लेक आणि चौथीतला चिरंजीव. संस्थेचं नाव मुद्दाम देत नाही. देणाऱ्यांची रीघ तिथे आधीच आवरत नाही, कमी पडतात ते निवडणारे हात. लोक कपडे, भांडी, दप्तरं, खेळणी, चपला सगळं एकाच पिशवीत कोंबून देतात. ते ताडपत्रीवर ओतायचं आणि ढीग लावायचे. बायकांचे, पुरुषांचे, मुलांचे वयाप्रमाणे, पांघरुणं, आणि सगळ्यात मोठा होतो तो 'बाद'. तोंडाला मास्क, हातात मोजे. मुलांनी खिशात हात घालायचा नाही हा तिथला पक्का नियम, कारण आत ब्लेडपासून काहीही असू शकतं. खिसे मोठ्यांनी उलटे करायचे. आजवर एसटीची तिकिटं, कुणाचा तरी रक्त तपासणीचा रिपोर्ट, सुपारी आणि एक शंभराची नोट निघाली. नोट देणगीपेटीत गेली.

साबांचं काम बघत बसावं असं असतं. त्या आयुष्यभर शिवणाचे क्लास घेत होत्या. साडी आली की घडीवरून निकाल देत नाहीत. नातीला एक टोक धरायला लावतात, दुसरं स्वतः धरतात, आणि अख्खी साडी दाराच्या उजेडात आडवी धरून हळूहळू पुढे सरकवतात. विरलेली जागा लगेच कळते. निऱ्यांच्या आतल्या बाजूला आणि फॉलच्या वर साडी आधी जाते, ते त्यांना माहीत असतं. मग दोन्ही हातांनी हलका ताण द्यायचा. 'चर्र' झालं की बाद. लेकीला पूर्वी साडी म्हणजे रंग आणि काठ एवढंच दिसायचं. आता ती मॉलमध्येसुद्धा कपड्याची शिवण उलटी करून बघते.

नवरा शर्ट-पँट बघतो (कॉलर, काख, चेन वरखाली करून), चिरंजीव बुटांच्या जोड्या लावून नाड्या एकमेकांत बांधतो. एका पायाचे बूट इतके येतात की दुसरे नेमके जातात कुठे, हे त्याला पडलेलं मोठं कोडं आहे.

विचारायचं हे की निकष कुठला लावायचा? संस्थेत सांगतात, 'घरी आलेल्या पाहुण्याला हे द्याल का?' बऱ्याचदा तेवढं पुरतं, पण नेहमी नाही. लग्नातली शेरवानी एकदम कोरी असते, पाहुण्यालाही देऊ. ती कुणाला पाठवायची? तुमच्यापैकी कुणी हे काम केलं असेल, किंवा पलीकडच्या बाजूला, म्हणजे घेणाऱ्यांत असाल, तर लिहा.

चकली

मस्त लिहिलंयस. साबांना नमस्कार सांग. वाचतेय.

तिरकस

सहकुटुंब सहपरिवार सेवा. इन्स्टावर फोटो कधी? गंमत सोडा, पण मुलांना 'बघा, गरीब कसे जगतात' हे दाखवायला नेण्याची फॅशन मला पटत नाही. एक रविवार गोदामात, पुढचा रविवार वॉटरपार्कात.

सायली_प

तिरकस, गोदामात गरीब कुणीच नसतं हो. तिथे दिसतात ते देणारे. मळकी पायपुसणी, वापरलेली अंतर्वस्त्रं, पाय तुटलेली बाहुली, अर्धी भरलेली व्यवसायमाला, हे सगळं तुमच्या-आमच्या घरून आलेलं असतं. लेकीने पहिल्यांदा विचारलं ते हेच, 'हे लोक धुऊन का नाही देत?' फोटो काढायला तिथे बंदी आहे.

अनुराधा_काकू

आमच्या वेळी हे काम बोहारीण करायची, आणि तिच्याइतकी कडक परीक्षा कुठल्या संस्थेत होत नसेल. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी, काखेत कपड्यांचं गाठोडं. ओट्यावर बसायची आणि आपण दिलेली पँट उचलून आधी बूड ताणून बघायची. 'ताई, हे तर गेलेलं आहे,' म्हणून बाजूला. दोन पँटी, एक जरीची साडी आणि शर्टांवर मी मधलं पातेलं मागायचे, ती वाडग्यावर अडून बसायची. तासभर घासाघीस चालायची. शेवटी पातेलं मिळायचं, पण झाकणाशिवाय.

यातल्या बऱ्याच बायका वाघरी समाजातल्या. घरी नेऊन ते कपडे धुवायच्या, टाके घालायच्या, इस्त्री करायच्या आणि जुन्या बाजारात विकायच्या. फुकट काही नव्हतं, म्हणून फाटकं देण्याची आपली छाती नव्हती. आता सोसायटीचे वॉचमन त्यांना आतच सोडत नाहीत. कपडे घ्यायला माणूस नाही, मग आपण ते 'दान' करतो.

जुनाजाणता

अनुराधाताईंशी पूर्ण सहमत. थोडं मागचं सांगतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर मी लातूर भागात काही आठवडे होतो. कपड्यांचे ट्रक येत होते आणि उतरवून घ्यायला जागा नव्हती. २६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा रस्त्याच्या कडेला कपड्यांचे ढिगारे पडलेले होते आणि त्यांवरून गुरं चालत होती. २००४ च्या त्सुनामीनंतर तर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर लोकांनी स्वेटर पाठवले! तिथे स्वेटर घालणार कोण? आपत्तीच्या ठिकाणी निवडायला माणसं नसतात. जी असतात ती घरं उपसण्यात गुंतलेली असतात. म्हणून निवड व्हायला हवी ती ट्रक भरण्याआधी, देणाऱ्याच्या शहरात. सायली, तुमच्या गोदामाचं खरं महत्त्व मला तिथे वाटतं.

याचा सगळ्यात पद्धतशीर विचार माझ्या मते 'गूंज' या संस्थेने केला. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये दिल्लीत ती सुरू केली, २०१५ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्याकडे कपडा हा मोबदला असतो. गावकरी स्वतः ठरवून विहीर खणतात, तळ्यातला गाळ काढतात, बांबूचा पूल बांधतात आणि त्या श्रमाबद्दल घराला लागेल तसा कपड्यांचा संच मिळतो. त्यामुळे घेणारा खाली मान घालून घेत नाही. तुमचा 'बाद' ढीगही तिथे वाया जात नाही. जुन्या सुती कापडाचे निवडून, धुऊन पाळीसाठी पॅड करतात, जीन्सच्या पिशव्या आणि दप्तरं होतात, चिंध्यांच्या गोधड्या. लोकरीचं म्हणाल तर पानिपतमध्ये टाकाऊ लोकरी कपड्यांवर मोठा धंदा उभा राहिला. कपडे फाडून, पिंजून पुन्हा सूत काढतात आणि त्याच्या घोंगड्या विणतात. आपत्तीत वाटतात ती स्वस्त करडी ब्लँकेटं बरीचशी तिथलीच.

गोळीवाले_डॉक्टर

कपड्यांचं परवडलं, औषधांबद्दल कृपा करून वाचा. पिशवीत औषधं टाकू नका. अर्धी पट्टी, नाव नसलेली बाटली, वडील गेल्यावर उरलेल्या बीपीच्या गोळ्या, सगळं येतं.

१९८८ मध्ये आर्मेनियात भूकंप झाला तेव्हा जगभरातून ५,००० टन औषधं आणि वैद्यकीय सामान गेलं. काय काय आलंय एवढं समजायलाच ५० माणसांना ६ महिने लागले. ८ टक्के मुदत संपलेलं होतं, ४ टक्के थंडीने खराब झालं. असल्या प्रकारांमुळे जागतिक आरोग्य संघटनेला १९९६ मध्ये औषधदानाची मार्गदर्शक तत्त्वं काढावी लागली. त्यातला एक नियम असा की औषध पोचेल तेव्हा त्याची किमान एक वर्षाची मुदत शिल्लक हवी. आपल्या घरच्या डब्यातलं त्यात काय बसणार? सायली, गोदामात औषधं आली तर मुलांच्या हाती पडू देऊ नका, आणि मोऱ्यांत ओतूही नका.

सायली_प

डॉक्टर, धन्यवाद. हे छापून दारावर लावायला सांगते.

हिशेबनीस

कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. कपडे, भांडी, धान्य अशा वस्तूरूप देणगीवर आयकरातली (८०जी ची) वजावट मिळत नाही. पैसे दिले तरच, आणि रोखीत २,००० रुपयांपर्यंतच. संस्थेकडे 'कपड्यांची किंमत लावून पावती द्या' असा आग्रह धरू नका, बिचारे कंटाळतात.

न्यूजर्सीकर

आमच्या मराठी मंडळातली काही कुटुंबं इथे हिलसाइडला फूड बँकेच्या गोदामात जातात. कपडे नाहीत, फक्त अन्न. बहुतेक माल डब्यांचा. डब्याला पोचा कुठे आहे ते बघायचं. मधे असेल तर चालतो. वरच्या-खालच्या कडेला किंवा उभ्या जोडावर असेल तर बाद, कारण तिथे हवा आत शिरू शकते. फुगलेला डबा तर हातसुद्धा न लावता पर्यवेक्षकाला दाखवायचा. माझ्या मुलीने सगळ्या डब्यांच्या जोडावरून अंगठा फिरवायची सवय लावून घेतलीय, आता घरच्या टोमॅटोच्या डब्यालाही सोडत नाही.

इथली एक गोष्ट आपल्या लोकांना पचत नाही. डब्यावरची 'बेस्ट बाय' तारीख उलटली की ते फेकायला निघतात. ती तारीख बहुतेक वेळा चवीपुरती असते. तारीख छापणं केंद्रीय कायद्याने सक्तीचं आहे ते फक्त बाळांच्या दुधाच्या पावडरीला, आणि ती मात्र आम्ही एक दिवस उलटला तरी काढतो. फूड बँक ही कल्पनाच १९६७ ची, फीनिक्समध्ये जॉन व्हॅन हेंगेल यांनी सुरू केलेली. दुकानं फेकतात त्यातलं बरंच खाण्याजोगं असतं, एवढ्यावर ती उभी राहिली.

मुलांबाबत : वयाची अट असते, ती आधी विचारा. आणि गोदामातलं काहीही घरी न्यायचं नाही, बिस्किटाचा पुडासुद्धा.

चकली

हो, हे विचारायचंच होतं. सायली, चौथीतला मुलगा खेळण्यांच्या ढिगाशेजारी, हट्ट नाही करत?

सायली_प

करतो की. एक रिमोटची गाडी निघाली होती, चालू अवस्थेत. 'आई, ही आपण विकत घेऊ, पैसे पेटीत टाकू' असा प्रस्ताव आला. नवऱ्याचं मत, काय हरकत आहे, संस्थेला पैसेच मिळतील. माझं मत, मग मोठ्यांनाही चांगली पैठणी विकत घ्यावीशी वाटेल आणि उरलंसुरलं पुढे जाईल. घरी यावर दोन दिवस चर्चा. गाडी गेली. तो अजून आठवण काढतो.

तिरकस

मुलाचा प्रस्ताव मला तुमच्यापेक्षा शहाणा वाटतो. माझा मूळ मुद्दा तोच. गाडी विका, पैसे पाठवा. वस्तू गोळा करा, निवडा, ट्रकने पाठवा, या सगळ्या खर्चात तिथल्या तिथे नवी वस्तू येते, शिवाय तिथल्या दुकानदाराचं दुकान चालतं. आपल्याला जुनं टाकवत नाही म्हणून आपण त्याला सेवा म्हणतो.

कृष्णाकाठ

तिरकसभाऊ, निम्मं बरोबर आहे तुमचं. मी शिरोळ तालुक्यातला, २०१९ च्या महापुरात घेणाऱ्यांच्या रांगेत होतो, म्हणून लिहितो.

ऑगस्टात सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. महामार्ग शिरोलीजवळ बंद. आमच्या गावात दुकानदार स्वतःच शाळेत येऊन झोपला होता आणि त्याच्या दुकानात छातीएवढं पाणी. तेव्हा पैसे घेऊन करायचं काय? ते पहिले दिवस वस्तूच पाहिजेत. पाणी उतरल्यावर, दुकानं धुऊन उघडल्यावर मात्र तुमचं खरं. तेव्हा पैसेच.

पण वस्तू कुठल्या? महामार्ग उघडल्यावर ट्रक आले, सगळा महाराष्ट्र धावला, ते आम्ही कधी विसरणार नाही. पण पाण्याच्या बाटल्या आणि बिस्किटं इतकी आली की पोरांना बिस्किट नको झालं. रस्त्याकडच्या गावांत तीन-तीनदा वाटप, आत नदीकाठच्या वाड्या-वस्त्यांवर उशिरा. आणि घरात गुडघाभर गाळ! तो काढायला खोरं, पाटी, खराटा, फिनेल, बादली हे पाहिजे होतं. ज्या ट्रकात खराटे निघाले त्याच्याभोवती बायकांची गर्दी झाली, साड्यांच्या ट्रकापेक्षा जास्त. मग चटई, चादर, पातेली, टॉवेल, पोरांच्या वह्या. जनावरांना चारा, त्याचं तर कुणाच्या यादीतच नव्हतं. आमच्याकडं घरापेक्षा गोठ्याची काळजी आधी.

आता साड्यांचं. शेकड्यांनी आल्या, चांगल्या होत्या. पण माझी आई आणि तिच्या वयाच्या बायका नऊवारी नेसतात. सहावारी त्यांना नेसता येत नाही असं नाही, पण आयुष्य लुगड्यात गेलेल्या बाईला चार लोकांत सहावारी नेसून बसायची लाज वाटते. त्या म्हाताऱ्या ओल्या लुगड्यातच बसून होत्या. तरण्या बायकांना साडी मिळाली तर परकर नाही, ब्लाउज नाही. नुसती साडी घेऊन काय करायचं? सायलीताई, तुमच्या साबांना सांगा, साडी उजेडात धरतात ते झकास, पण घडीत तिच्याबरोबर परकर ठेवा, आणि सैलसर ब्लाउज, शिलाई सोडून वाढवता येईल असा.

चकली

बाप रे. परकराचा विचार कधी केला नव्हता.

सायली_प

कृष्णाकाठ, प्रतिसाद घरी मोठ्याने वाचून दाखवला. साबा गप्प ऐकत होत्या. मग म्हणाल्या, परकर आपण शिवू, मशीन आहे. जुन्या सुती चादरी बाद ढिगात पडून असतातच. लेकीला नाडी घालायला बसवणार आहेत.

एक विचारते. आमचा माल कुठे जातो ते संस्था सांगते, पण गोण्या भरून झाल्यावर. आधी विचारलं तर सांगतील. विचारायला काय काय हवं?

जुनाजाणता

भाग कुठला, ऋतू कुठला, आणि माणसं काम काय करतात. तिसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात.

कृष्णाकाठ

जुनाजाणता साहेब, तिसऱ्या प्रश्नाचंच उदाहरण देतो. दिवाळीनंतर आमच्याकडं उसाच्या टोळ्या येतात, बीडकडून, नगरकडून. शेताच्या कडेला कोप्या घालून राहतात. थंडीत कारखान्याला ऊस, पहाटे अंधारात तोड सुरू. उसाच्या पाल्याने हात कापतात, म्हणून बायका साडीवरून पुरुषाचा फुल बाहीचा शर्ट घालतात. तुम्ही कुणीही बघा, हंगामात प्रत्येक फडात दिसेल. आता त्या शर्टाची कॉलर विरलेली असली काय आणि नसली काय! बटणं शाबूत आणि बाही मनगटापर्यंत, बास. कापड जाड असलं तर उत्तमच. सायलीताईंचे मिस्टर कॉलर बघून बाद करत असतील तर तो ढीग आमच्याकडं पाठवा म्हणावं.

पोरं कोपीतच असतात, बारकी पोरं फडातसुद्धा. दोन ते आठ वर्षांचे स्वेटर, कानटोप्या, मागं पट्टा असलेल्या चपला. पट्टा नसलेली चप्पल ढेकळांत राहत नाही. मागल्या वर्षी एका मंडळाने पोरांना पार्टीवेअर वाटलं, टिकल्या-झालरींचे फ्रॉक. एक पोरगी तो फ्रॉक घालून दिवसभर पाचटीत फिरली, संध्याकाळपर्यंत झालर गेली. खूश होती, खोटं कशाला बोलू.

तिरकस

शर्टाचं माहीत नव्हतं. माझ्याकडे ऑफिसचे पंधरा-वीस निघतील, कॉलर गेलेले. कुठे द्यायचे?

सायली_प

घ्या, आले लायनीवर. :) व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. धुऊन द्या मात्र.

तिरकस

लायनीवर वगैरे काही नाही, पैशांचा मुद्दा मी सोडलेला नाही. शर्ट तसेही पायपुसणं होणार होते.

अनुराधा_काकू

बोहारणीने घेतले नसते बरं का ते.

सायली_प

अपडेट. नवऱ्याने संस्थेत बोलून 'कामाचे शर्ट' असा वेगळा ढीग सुरू करवला. फुल बाही, जाड कापड, कॉलर कशीही. खिशावर कंपनीची नावं असलेले युनिफॉर्मसुद्धा त्यात. एका कार्यकर्तीचं म्हणणं पडलं की विरलेलं पाठवलं तर घेणाऱ्यांना अपमान वाटेल, त्यावर बरीच वादावादी झाली. शेवटी ठरलं की टोळीच्या मुकादमाला आणि दोन-चार बायकांना आधी नमुना दाखवायचा, त्या हो म्हणाल्या तरच. कृष्णाकाठ, हे तुमच्या ओळखीने होईल का?

साबांचा प्रश्न वेगळा आहे. नऊवारी कुठून आणायच्या? पुण्यात जुनी नऊवारी दानात जवळजवळ येतच नाही. त्या विचारतायत, दोन सहावारींतला धड भाग घेऊन मधे दांड (जोडशिवण) घातला तर तुमच्याकडच्या बायका नेसतील का? त्यांच्या सासूबाई विरलेलं लुगडं असंच पुन्हा वापरात आणायच्या म्हणे.

कृष्णाकाठ

मुकादमाशी बोलतो, गडी ओळखीचा आहे. टोळी आली की कळवतो.

आईला विचारलं. ती म्हणाली, दांडाचं लुगडं घरात नेसायला चालतं, आम्ही नेसलोय. पण दांड कमरेखाली, काष्ट्याच्या आत गेला पाहिजे, पदराकडं नको. दोन्ही सुती पाहिजेत, एक सुती आणि एक सिंथेटिक जोडलं तर धुतल्यावर आखडून शिवणीवर चुण्या पडतात. आणि लांबी मोजून नऊ वार भरू द्या, आठावर भागवू नका. जाड्या बाईला पुरत नाही.

सायली_प

साबा म्हणतायत, मापाची काळजी करू नका. टेप घेऊन बसल्यासुद्धा.

चकली

उसाच्या टोळीसाठी मफलर चालतील का? आमच्याकडे बाबांचे सात-आठ आहेत, लोकरीचे नाहीत, साधे.

कृष्णाकाठ

चालतील. पहाटे बैलगाडीवर बसल्यावर कानाला वारं लागतं. वेगळ्या पिशवीत बांधा आणि बाहेर चिठ्ठी लावा, आत काय आणि किती. चिठ्ठी नसली की सगळी पिशवी पुन्हा उपसावी लागते.